संडास तुंबला तर... ॲसिडच्या बाटलीला हात लावण्याआधी

परवा रात्री दवाखाना बंद करण्याच्या बेतात होतो. तेवढ्यात एका मुलाने आपल्या आईला स्कूटरवरून आणले. बाई पन्नाशीच्या. खोकून खोकून जीव मेटाकुटीला आलेला, डोळे लालबुंद, घशात आग. ‘आईला दम्याचा झटका आलाय,’ मुलगा म्हणाला. पण बाईंना दमा कधीच नव्हता. त्यांच्या पदराला मात्र एक उग्र वास येत होता. नळाच्या पाण्यात औषध जास्त पडले की येतो, तसा.

मग हळूहळू हकिगत कळली. घरातला संडास दोन दिवस तुंबलेला. दुसऱ्या दिवशी पाहुणे यायचे होते. प्लंबर ‘उद्या येतो’ म्हणून गेलेला. बाईंनी सकाळी दुकानातून ॲसिडची बाटली आणून ओतली. उपयोग झाला नाही. संध्याकाळी कोणाच्या तरी सांगण्यावरून त्यावरच दोन मुठी ब्लिचिंग पावडर टाकली, घाण वास घरात नको म्हणून दार लावून घेतले आणि खराट्याने ढोसू लागल्या. चार फूट बाय तीन फूट जागा. दोन मिनिटांत त्यांचा श्वास कोंडला.

त्यांना ऑक्सिजन लावला, वाफेतून औषध दिले आणि रात्रीच मोठ्या रुग्णालयात पाठवले. दोन दिवसांनी त्या सुखरूप घरी आल्या. दार आतून अडकले असते किंवा घरात कोणी नसते तर काय झाले असते, याचा विचार मी करू इच्छित नाही.

त्या बाईंना दोष देण्यात अर्थ नाही. संडास तुंबणे ही घरोघरची गोष्ट आहे. पण आपण त्याविषयी बोलत नाही. त्यामुळे नेमके काय करावे हे कोणी कोणाला सांगत नाही आणि हात जातो तो थेट ॲसिडच्या बाटलीकडे. म्हणून आज हाच विषय घेतला आहे. प्लंबरकडे काठीला रबरी टोपी लावलेले एक साधन असते. ते आपल्याकडे बहुतेक घरांत नसते. पण त्यावाचून अडत नाही. बादली, साबण, गरम पाणी, एक काठी आणि थोडा धीर एवढ्यावर बहुतेक वेळा काम होते.

मुळात तुंबते कुठे?

संडासाच्या भांड्याखाली एक वाकडा नळ असतो. त्याला ट्रॅप म्हणतात. आपल्याकडचे गवंडी त्याला ‘कोंबडा’ म्हणतात. या वाकणात थोडे पाणी नेहमी साचून राहते. हे पाणी म्हणजे एक प्रकारचे झाकण आहे. खालच्या टाकीतला वायू, दुर्गंधी, माशा आणि झुरळे या पाण्यामुळे वर घरात येत नाहीत. १७७५ साली अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने इंग्लंडमध्ये अशा वाकड्या नळाचे पेटंट घेतले आणि त्यानंतरच घराच्या आत संडास असणे सुसह्य झाले.

हे झाकण किती मोलाचे आहे, ते २००३ साली हाँगकाँगमध्ये दिसले. सार्सची साथ चालू असताना तिथल्या ॲमॉय गार्डन्स या वसाहतीत तीनशेहून अधिक रहिवाशांना लागण झाली. चौकशीत असे दिसले की, न्हाणीघरांच्या मोऱ्यांखालचे ट्रॅप बऱ्याच ठिकाणी कोरडे पडले होते आणि रोगजंतू त्या वाटेने घराघरांत शिरले असावेत.

जे वाकण आपले रक्षण करते, तेच तुंबण्याचीही जागा असते. कापडाचा बोळा, सॅनिटरी नॅपकिन, शॅम्पूची पुडी किंवा केसांचा गुंता तिथे अडकतो, त्यावर मैला साचतो आणि वाट बंद होते. म्हणजे अडथळा बहुधा आपल्या हातापासून फूट-दीड फूट अंतरावरच असतो. ही दिलासा देणारी गोष्ट आहे.

पण नेहमीच तसे नसते. म्हणून आधी एक साधी परीक्षा करावी. फक्त एकाच संडासाचे पाणी थांबले असेल आणि न्हाणीची मोरी नीट वाहत असेल, तर अडथळा ट्रॅपमध्ये आहे असे समजावे. दोन्ही एकाच वेळी तुंबले किंवा संडासात पाणी ओतल्यावर न्हाणीच्या मोरीतून बुडबुडे येऊ लागले, तर अडथळा पुढच्या नळात किंवा चेंबरमध्ये आहे. आठवडाभर पाणी हळूहळू उतरत असेल, विशेषतः पावसाळ्यात, तर टाकी किंवा शोषखड्डा भरलेला असण्याची शक्यता जास्त. पुढे दिलेले उपाय पहिल्या प्रकारासाठी आहेत. बाकीच्या दोन प्रकारांत ते करून फक्त दमणूक होईल.

आधी थांबा

पाणी उतरत नाही असे दिसले की आपण घाबरून आणखी पाणी ओततो किंवा पुन्हा फ्लश ओढतो. मग भांडे भरून घाण पाणी फरशीवर येते. तेव्हा पहिला उपाय म्हणजे पाणी ओतणे थांबवणे. फ्लशची टाकी असेल तर तिचा कॉक बंद करा. अर्धा तास जाऊ द्या. वाट पूर्ण बंद नसेल तर पातळी आपोआप खाली जाते. नाहीच गेली तर एका टाकाऊ मगाने जास्तीचे पाणी काढून जुन्या बादलीत ठेवा. ते मोरीत ओतू नका. वाट मोकळी झाल्यावर पुन्हा संडासातच ओता.

काम सुरू करण्याआधी दार-खिडकी उघडी ठेवा. पायात चपला आणि हातात रबरी मोजे घाला. मोजे नसतील तर जाड प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून मनगटावर दोऱ्याने बांधा. हाताला जखम असेल तर हे काम घरातल्या दुसऱ्या कोणी करावे. लहान मुलांना लांब ठेवा. मैल्यातून कावीळ, विषमज्वर, गॅस्ट्रो आणि जंत यांचा प्रसार होतो. पण भिण्याचे कारण नाही. हात तोंडाकडे आणि डोळ्यांकडे न नेणे आणि शेवटी साबणाने स्वच्छ धुणे एवढे पथ्य पुरेसे आहे.

पहिला उपाय : साबण आणि गरम पाणी

अर्धी वाटी भांडी घासण्याचा पातळ साबण भांड्यात ओता. तो नसेल तर कपडे धुण्याची पावडर दोन मुठी घेऊन तांब्याभर पाण्यात विरघळवून ओता. साबणामुळे नळाची आतली बाजू बुळबुळीत होते आणि अडकलेला गोळा सैल पडतो. वीस मिनिटे तसेच राहू द्या.

मग अर्धी बादली गरम पाणी घ्या. गरम म्हणजे आंघोळीला सोसेल इतकेच, उकळते नव्हे. उकळत्या पाण्याने चिनी मातीचे भांडे तडकू शकते आणि प्लॅस्टिकचा नळ मऊ पडून त्याचे सांधे सुटू शकतात. भांड्यातली पातळी खाली आहे याची खात्री करून हे पाणी कमरेइतक्या उंचीवरून, नेमके भोकावर, एका दमात ओता. तांब्या-तांब्याने ओतलेल्या पाण्याला जोर नसतो. बादलीच्या एकाच लोटाने वाटेवर दाब येतो. एकदा ओतल्यावर पातळी उतरेपर्यंत थांबा आणि पुन्हा ओता. असे तीन वेळा करावे. नुसत्या मैल्याने किंवा कागदाने वाट बंद झाली असेल तर बहुतेक वेळा एवढ्यावरच काम होते.

दुसरा उपाय : काठी आणि फडके

रबरी टोपीच्या साधनाचे काम ही काठी करते. खराट्याची किंवा कुंच्याची जुनी मजबूत काठी घ्या. तिच्या टोकाला गोणपाट किंवा जुने सुती फडके घट्ट गुंडाळून मोसंबीपेक्षा थोडा मोठा गोळा तयार करा. भोकाचे तोंड जवळजवळ बंद होईल, पण गोळा आत शिरून अडकणार नाही, एवढा त्याचा आकार असावा. त्यावर जाड प्लॅस्टिकची पिशवी चढवा आणि सुतळीने चार-पाच वेढे देऊन करकचून बांधा. ही गाठ महत्त्वाची आहे. ती सुटली तर फडके आत राहील आणि दुखणे दुप्पट होईल. कमोड असेल तर त्याच्या ब्रशलाच असे फडके व पिशवी बांधता येते.

भांड्यात गोळा बुडेल एवढे पाणी असू द्या. गोळा भोकावर ठेवून हळू दाबा आणि झटक्याने वर ओढा. पुन्हा दाबा, पुन्हा ओढा. असे पंधरा-वीस वेळा करा. इथे बरेच जण चूक करतात. सगळा जोर ते दाबण्यावर देतात. त्याने अडकलेला बोळा आणखी पुढे जाऊन घट्ट बसतो. खरे काम ओढण्याने होते. पाणी मागे-पुढे हलले की बोळा सैल पडतो. ‘गुडुक्’ असा आवाज होऊन पाणी एकदम उतरले की वाट मोकळी झाली असे समजा. त्यानंतर अर्धी बादली पाणी ओतून खात्री करून घ्या.

तिसरा उपाय : कामटी किंवा तार

कापड, नॅपकिन किंवा मुलाचे खेळणे अडकले असेल तर ते पुढे ढकलू नये, बाहेर काढावे. बांबूची पातळ कामटी वाकणातून वळते. तिचे टोक बोथट करून घ्या. किंवा जाड तार घेऊन तिच्या टोकाला लहानसा आकडा करा आणि भांड्यावर ओरखडे उठू नयेत म्हणून त्यावर चिंधी बांधा. आत घालून हळूहळू फिरवा, काही अडकल्यासारखे वाटले की बाहेर ओढा. सळई किंवा पहार कधीही वापरू नका. एका घावात ट्रॅप फुटतो, मग फरशी खोदावी लागते.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर किंवा लिंबाचा रस हा उपायही पुष्कळ जण सांगतात. त्याने फेस येतो तो कार्बन डायॉक्साइड वायूचा. अपाय नाही, पण त्या फेसाला कापडाचा बोळा हलवण्याइतका जोर नसतो. करून पाहायला हरकत नाही, मात्र त्यावर विसंबू नये.

दोन-तीन तासांच्या प्रयत्नानंतरही पाणी हलले नाही, तर आपले काम संपले असे समजून जाणकार माणसाला बोलवा.

ॲसिड का नको?

संडास साफ करण्यासाठी सुटे मिळणारे ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल. ते क्षार विरघळवते. जड पाण्यामुळे भांड्यावर बसलेला पिवळा थर त्याने निघतो, हे खरे. पण संडास तुंबतो तो कापडाने, प्लॅस्टिकने, केसांनी. यांवर या आम्लाचा फारसा परिणाम होत नाही. उलट ते तुंबलेल्या पाण्यात तसेच पडून राहते, नळाचे सिमेंटचे सांधे खाते आणि टाकीत मैला कुजवणाऱ्या उपयुक्त जंतूंना मारते.

खरा धोका मिश्रणाचा आहे. ब्लिचिंग पावडर किंवा ब्लिचचे द्रावण आम्लात मिसळले की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात १९१५ साली बेल्जियममध्ये ईप्रच्या रणांगणावर जर्मन सैन्याने जो विषारी वायू सोडला, तो हाच. हवेपेक्षा जड असल्याने तो खाली साचतो. म्हणजे वाकून काम करणाऱ्याच्या नाकातोंडापाशी. डोळे, घसा आणि फुप्फुसे यांच्या ओलसर अस्तरावर तो पुन्हा आम्ल तयार करतो. ब्लिच आणि अमोनिया एकत्र आले तरी विषारी वायू होतात आणि साचलेल्या लघवीत अमोनिया असतो. म्हणून तुंबलेल्या संडासात ब्लिचिंग पावडरही टाकू नये.

कॉस्टिक सोड्याची गोष्ट वेगळी, पण तितकीच वाईट. पाण्यात पडताच तो तापतो आणि उसळतो. एक थेंब डोळ्यात गेला तर कायमचे अंधत्व येऊ शकते. साध्या नियमाने सांगायचे तर दोन बाटल्यांतली औषधे कधीही एकत्र करू नयेत. एकानंतर एक ओतणे म्हणजेही एकत्र करणेच.

आणखी एक गोष्ट. ॲसिड ओतून झाल्यावर आपण सफाई करणाऱ्या माणसाला बोलावतो आणि ‘आत ॲसिड आहे’ हे सांगायला विसरतो. तो बिचारा हात घालतो किंवा काठी मारतो आणि शिंतोडे त्याच्या तोंडावर उडतात. आधी काय काय ओतले आहे, हे त्याला सांगणे आपले कर्तव्य आहे.

चूक होऊन गेलीच तर

उग्र वास येऊन खोकला सुरू झाला की सगळे तिथेच टाकून ताबडतोब मोकळ्या हवेत या. भांडे धुवायला पुन्हा आत जाऊ नका. घरातल्या सगळ्यांना बाहेर काढा. डोळ्यांत किंवा अंगावर काही उडाले असेल तर कपडे उतरवून स्वच्छ वाहत्या पाण्याने पंधरा ते वीस मिनिटे धुवा; घड्याळ लावून धुवा, कारण आपल्याला दोन मिनिटेही फार वाटतात. वर लिंबू, सोडा, हळद, तूप असे काही लावू नका. चुकून पोटात गेले असेल तर उलटी काढायचा प्रयत्न करू नका; येताना ती पुन्हा अन्ननलिका जाळते.

श्वासाचा त्रास होत असेल तर माणसाला आडवे न करता बसवून ठेवा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. बाटली किंवा तिचे वेष्टन बरोबर आणा. आणि लक्षात ठेवा, वास गेला म्हणजे त्रास संपला असे नाही. क्लोरीनमुळे फुप्फुसांत पाणी होणे काही तासांनंतरही सुरू होऊ शकते. म्हणून बरे वाटत असले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. दमा असणाऱ्यांनी आणि हृदयविकार असणाऱ्यांनी तर वेळ घालवूच नये.

टाकीत कोणीही उतरायचे नाही

टाकी भरली असेल तर वरचे कोणतेही उपाय चालत नाहीत. अशा वेळी ‘कोणीतरी माणूस उतरवू’ हा विचार मनातही आणू नये. टाकीत हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू साचतो. थोडा असताना त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो. जास्त असला की नाकाची वास घेण्याची शक्तीच नाहीशी होते. ‘आता वास येत नाही’ म्हणून माणूस उतरतो आणि तिथेच कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. अशा बातम्या याच वर्तमानपत्रांतून आपण वाचतो. टाकीत पेट घेणारा मिथेन वायूही असतो. म्हणून झाकण उघडून काडी पेटवून पाहणे म्हणजे वेडेपणा.

२०१३ च्या कायद्याने अशा धोकादायक सफाईसाठी माणसाला टाकीत उतरवणे हा गुन्हा आहे आणि तो घरमालकालाही लागू आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अशा मृत्यूंसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दहा लाख रुपयांची भरपाई ठरवली होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाख केली. पण कायद्याच्या भीतीपेक्षा, त्या माणसालाही घरी मुलेबाळे आहेत, एवढे आठवले तरी पुरे.

टाकी उपसण्याचे काम मैला ओढणाऱ्या गाडीनेच करून घ्यावे. त्यासाठी नगरपालिकेत चौकशी करा. दर दोन-तीन वर्षांनी, तुंबण्याची वाट न पाहता, टाकी उपसून घेणे उत्तम. दोन खड्ड्यांचा संडास असेल तर एक भरल्यावर चेंबरमधली वाट दुसऱ्या खड्ड्याकडे वळवा आणि भरलेला खड्डा दीड-दोन वर्षे बंद ठेवा. त्यात पुढे कोरडे, वास नसलेले खत मिळते.

पुन्हा तुंबू नये म्हणून

संडासात मैला, लघवी आणि पाणी यांखेरीज काहीही टाकू नये. केस, कापूस, साबणाच्या चिपा, गुटख्याच्या पुड्या, उरलेले अन्न, राख, ओले वाइप्स, बाळाचे डायपर यांतले काहीही नाही. पाणीटंचाईच्या दिवसांत लोक अर्ध्या तांब्यावर भागवतात. त्यानेही वाट कोरडी पडून मैला चिकटतो. उताराच्या ग्रामीण भांड्यालाही दीड ते दोन लिटर पाणी लागतेच. कपडे धुतलेले शेवटचे पाणी बादलीत साठवून इथे वापरावे.

आता थोडे संकोचाचे. ट्रॅपमधून निघणाऱ्या वस्तूंत सॅनिटरी नॅपकिन वरचेवर असतो. घरातल्या मुलीला किंवा सुनेला तो टाकायला जागाच नसेल तर ती काय करणार? चार माणसांतून तो हातात घेऊन उकिरड्यापर्यंत जाणे तिला अवघड वाटते. संडासाच्या कोपऱ्यात झाकणाची एक लहान बादली आणि जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे ठेवले की प्रश्न मिटतो. ही बादली घरातल्या मोठ्यांनी न बोलता आणून ठेवावी. तसेच एखाद्या मुलाने खेळणे आत टाकले तर त्याला मारू नका. मार खाल्लेले मूल पुढच्या वेळी सांगत नाही आणि सांगितले नाही की आपण ॲसिड ओतत बसतो.

काम झाल्यावर फरशी आणि भांडे साबणाच्या पाण्याने घासून घ्या. काठीवरचे फडके पिशवीसकट कचऱ्यात टाका, काठी उन्हात वाळवा आणि याच कामासाठी वेगळी ठेवा. हात कोपरापर्यंत साबणाने धुवा.

कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी मैला सफाईचे काम स्वतःच्या हाताने केले आणि इतरांना शिकवले. आपल्या घरची घाण दुसऱ्याने काढावी, ही समजूत जावी अशी त्यांची तळमळ होती. आपल्याला तेवढे जमले नाही, तरी आपल्या घरातला संडास आपण मोकळा करण्यात कसलाही कमीपणा नाही.

त्या बाई परवा तपासणीसाठी पुन्हा आल्या होत्या. आवाज अजून बसलेला आहे. म्हणाल्या, ‘प्लंबर आला आणि तारेने पाच मिनिटांत काढून दिले हो. शॅम्पूची पुडी आणि केसांचा गुंता, एवढेच होते.’